शेवटच्या तासानंतरचे महाविद्यालय

(बारावीनंतरच्या प्रवेशांविषयी बेळगाव तालुक्यातील एका गावाच्या वाचनालयात दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात.)

विद्यार्थी मित्रहो आणि पालकहो,

सेकंड पीयूचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की आपल्याकडे घराघरांत दोन पक्ष पडतात. वडीलमंडळी म्हणतात, जिथे अभ्यास कडक असेल तिथेच मुलाला घालायचे; आणि मुलगा किंवा मुलगी मनातल्या मनात म्हणते, की नुसत्या अभ्यासावर तीन-चार वर्षे काढायची कशी? दोन्ही पक्षांची समजूत मात्र एकच असते, ती अशी की अभ्यास वाढला की कॉलेजजीवन आटते आणि कॉलेजजीवन फुलले की अभ्यास बुडतो. सीमाभागापुरती तरी ही समजूत मला पटत नाही. इथे या दोन गोष्टी बहुधा एकत्र टिकतात किंवा एकत्र बुडतात, आणि त्यांचे काय होणार हे शेवटचा तास संपल्यानंतरच्या दोन-तीन तासांत ठरते.

जांबोटीकडून किंवा नंदगडकडून बेळगावात अप-डाऊन करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणा. पहाटे उठून बस धरायची, तास आटोपले की परतीच्या बसकडे धावायचे, कारण ती चुकली तर पुढची केव्हा येईल याचा भरवसा नाही. या मुलाचे नाटक बुडते, व्हॉलीबॉल बुडतो, हे तर उघडच आहे. पण त्याच वेळी ग्रंथालय बुडते, प्राध्यापकांना गाठून शंका विचारायची संधी बुडते आणि परीक्षेआधी चार मित्रांनी एकत्र बसून सोडवायच्या प्रश्नपत्रिकाही राहून जातात. जून 2023 पासून कर्नाटकात महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला, आणि ज्या मुलींचे शिक्षण तिकिटाच्या पैशांपायी अडले असते त्यांना शहराची वाट मोकळी झाली. ही मोठीच गोष्ट झाली. तरीही तिकीट वाचले म्हणून वेळ वाचत नाही. म्हणून प्रवेशाचा विचार करताना मी पहिला प्रश्न विचारतो तो शुल्काचा नव्हे, वसतिगृहाचा आणि शेवटच्या बसचा. आणि मुलींच्या बाबतीत वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी किती वाजता बंद होते, हाही. मुलांचे फाटक उशिरापर्यंत उघडे आणि मुलींचे दिवेलागणीला बंद, अशी व्यवस्था असेल तर त्या कॉलेजचे सामाजिक जीवन अर्ध्याच विद्यार्थ्यांसाठी आहे, असे खुशाल समजावे.

आता कॉलेज पाहायचे कसे? आपण पाहायला जातो ते सकाळी, प्रवेशाच्या गर्दीत, आणि पाहतो काय तर इमारत. माझे सांगणे असे की सत्र सुरू असताना एखाद्या साध्या दिवशी दुपारी साडेतीननंतर जावे. ग्रंथालयात कोण बसले आहे, प्रयोगशाळेला कुलूप आहे की आत कुणी काम करीत आहे, एखाद्या रिकाम्या वर्गात वादविवादाची किंवा एकांकिकेची तालीम चालली आहे का, आणि मुख्य म्हणजे प्राध्यापक अजून आवारात आहेत का, हे पाहावे. ज्या आवारात त्या वेळी चिटपाखरू नसते तिथला अभ्यासही बहुधा नोट्स उतरवण्यापुरताच असतो.

ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनासाठी प्रत्येक महाविद्यालयाला स्वयंमूल्यमापन अहवाल द्यावा लागतो आणि तो त्याच्या संकेतस्थळावर असतो. पालक ए प्लस किंवा बी प्लस एवढे अक्षर वाचून थांबतात. अक्षरापेक्षा अहवाल वाचावा. मंजूर पदांपैकी किती पूर्णवेळ प्राध्यापक आहेत, ग्रंथालयाचा दररोज किती जण वापर करतात, क्रीडा आणि सांस्कृतिक कार्यक्रमांत किती विद्यार्थी उतरले, अशी माहिती त्यात असते. यांतली पूर्णवेळ प्राध्यापकांची बाब मी सर्वांत महत्त्वाची मानतो. अतिथी व्याख्याते अनेकदा उत्तम शिकवतात, पण ज्यांना तासागणिक कामाचा हिशेब द्यावा लागतो आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्यांना ठाऊक नसते, त्यांनी संध्याकाळी थांबून नाट्यमंडळ चालवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

जुन्या नावांविषयी थोडे बोलतो, कारण बेळगावात त्यांचा दबदबा मोठा आहे. लिंगराज महाविद्यालय 1933 चे. राणी पार्वती देवी महाविद्यालयात तर पु. ल. देशपांडे यांनी काही काळ अध्यापन केले, आणि आपल्याला त्याचा अभिमान आहेच. परंतु आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींवर नातवाचा प्रवेश ठरवू नये. आज तिथे कोण शिकवते आणि तास संपल्यावर काय चालते, याची चौकशी जुन्या नावांबाबतही तितकीच करावी.

अभियांत्रिकीचे गणित थोडे निराळे आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये स्थापन झाले, त्याचे मुख्यालय आपल्याच बेळगावात आहे, आणि संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम व अंतिम परीक्षा एकच असते. म्हणजे अमुक कॉलेज कडक आणि तमुक सैल, हे कागदावर तरी खरे नाही. फरक पडतो तो शिकवण्यात आणि अंतर्गत मूल्यमापनात. गोगटे इन्स्टिट्यूटसारखी स्वायत्त महाविद्यालये आपल्या परीक्षा स्वतः घेतात, त्यामुळे तिथला कडकपणा तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारून समजून घ्यावा लागतो. विद्यापीठाच्या नियमाने 85 टक्के उपस्थिती लागते. शिवाय चार वर्षांत 100 ॲक्टिव्हिटी पॉइंट, म्हणजे अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांचे गुण, मिळवावे लागतात; ते ग्रेडमध्ये धरले जात नाहीत, पण त्यांच्याशिवाय पदवी नाही. हेतू चांगला आहे, मात्र काही ठिकाणी गुणांसाठी फोटो काढून घेणे एवढेच त्याचे रूप उरते. कॉलेज दाखवायला कुणी सीनियर मिळाला तर त्याला विचारा, की हे पॉइंट तू कसे मिळवलेस? त्याच्या उत्तरात कॉलेजचे अर्धे चरित्र कळेल.

पुण्याची ओढ आपल्या मुलांना असते आणि ती गैर नाही. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही जिद्दीने उतरतात, रात्रीपर्यंत तालमी करतात आणि सत्र परीक्षाही देतात. पण तिथेही वसतिगृह न मिळता शहराच्या टोकाला खोली घ्यावी लागली, तर नंदगडच्या मुलाचीच गत व्हायची, भाडे तेवढे जास्त.

संगतीचाही विचार करावा. आपली मुले बेळगावात गेली तरी आपल्याच गावच्या पाच जणांत वावरतात आणि तीन वर्षांनी तेच पाच मित्र घेऊन परत येतात. ज्या वर्गात मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू बोलणारी मुले एका बाकावर बसतात तिथे कानाला सवय होते, आणि पुढे नोकरीत ती फार उपयोगी पडते. मराठी रंगमंचावर उभे राहायची हौस असेल, तर मराठी वाङ्मय मंडळ कार्यरत आहे का, हे वेगळे विचारा. निपाणीकरांना एक सोय आहे: गावाला लागूनच असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात येते आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. घरी राहून त्या विद्यापीठाच्या युवा महोत्सवापर्यंत जाता येते.

शेवटी अर्जांविषयी. कर्नाटकात अभियांत्रिकीच्या क्रमवारीसाठी पीयूसीचे गुण आणि सीईटीचे गुण निम्मे निम्मे धरतात. महाराष्ट्रात वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी सीमाभागातील रहिवासाचा, तिथल्या शाळेतून किंवा कॉलेजातून उत्तीर्ण झाल्याचा आणि मातृभाषेचा पुरावा लागतो. ही कागदपत्रे निकालाच्या आधीच गोळा करून ठेवा, कारण दोन्ही राज्यांच्या प्रवेशफेऱ्या अनेकदा एकमेकींवर येतात आणि मूळ दाखला एकाच ठिकाणी जमा करता येतो. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांनी पहिली जागा मिळताच घाईने शुल्क भरण्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते आणि किती दिवसांत, हे लेखी विचारून घ्यावे.