तीनशे ओहमचा हेडफोन आणि वेंगुर्ल्याची वीज

[दृश्य : चिऱ्याच्या घराची पडवी. टेबलावर लॅपटॉप, रेकॉर्डर, मोठा काळा हेडफोन. बाहेर पाऊस.]

कार्तिक लागला की तळकोकणात जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की रात्रभर दशावतार. पायपेटी, मृदंग, झांज. वेंगुर्ल्याजवळच्या वाडीतला हा आमचा तरुण मित्र जत्रांमधून ही वाजवणी रेकॉर्ड करत फिरतो. पावसाळ्यात दशावतारी नाटक कंपन्या घरी बसतात, तेव्हा तो हेडफोन घालून बसतो. हिवाळाभर जमवलेलं ऐकायचं, कापायचं, मिसळायचं. सगळं काम कानावर.

हेडफोन आहे सेनहायझरचा एचडी ६००. १९९७ सालचं मॉडेल, स्टुडिओंमध्ये अजून वापरात आहे. पण लॅपटॉपच्या जॅकला लावला की आवाज शंभर टक्क्यांवर नेऊनही मृदंग लांबून कुठून तरी येतोय असं वाटतं. हेडफोन बिघडलेला नाही. त्याला पुरेसा जोर मिळत नाहीये. तो जोर देणारा वेगळा डबा म्हणजे हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर, थोडक्यात अ‍ॅम्प.

[दृश्य : हेडफोनच्या खोक्यावरची बारीक अक्षरं, जवळून.]

खोक्यावर दोन आकडे असतात आणि अ‍ॅम्प्लिफायर घेणाऱ्याने पहिल्यांदा तेच वाचावेत. पहिला इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा : ३०० ओहम. दुसरा सेन्सिटिव्हिटी : १ व्होल्ट दिला तर ९७ डेसिबल आवाज.

साध्या लॅपटॉपचा जॅक फार तर १ व्होल्टच्या आसपास देतो. म्हणजे सगळ्यात मोठा ठोका ९७ डेसिबलला पोचेल. कागदावर हे काही कमी नाही. तयार गाणी ऐकणाऱ्याला कदाचित पुरेलही, आणि तसं असेल तर त्याने अ‍ॅम्पच्या फंदात पडूच नये. अडचण कच्च्या रेकॉर्डिंगची असते. जत्रेत झांज केव्हा कानठळ्या बसवेल सांगता येत नाही, म्हणून रेकॉर्ड करताना वर १२ डेसिबल जागा मोकळी सोडलेली असते. ते वजा केले की मोठा ठोका ८५ वर येतो. पेटी आणि संवाद त्याच्याही १५-२० डेसिबल खाली. म्हणजे ओटीवरच्या गप्पांहून थोडासाच मोठा आवाज, आणि वर पत्र्यावर पाऊस.

समजा, ही ९७ ची वरची मर्यादा ११० डेसिबलला नेण्याची सोय हवी. १३ डेसिबल वाढवायचे तर व्होल्टेज साडेचार पट लागतं. साडेचार व्होल्ट, ३०० ओहम : हिशेब येतो ६७ मिलिवॅटचा. वॅट सोडा, वॅटचा पंधरावा हिस्सा! म्हणून ‘दोन वॅट’, ‘सहा वॅट’ असं खोक्यावर ठळक छापलेलं दिसलं तर भुलू नका. ते आकडे बहुधा ३२ ओहमवरचे असतात. आपल्या हेडफोनच्या ओहमवर किती मिळतं ते विचारा.

याच्या दुसऱ्या टोकाला हायफायमॅनचा एचई-६ हा हेडफोन. हा प्लॅनर, म्हणजे पडद्यावर पसरलेल्या तारा चुंबकांमध्ये हलवणारा. ५० ओहम, आणि १ मिलिवॅटला जेमतेम साडेत्र्याऐंशी डेसिबल. त्यालाही ११० गाठायला व्होल्टेज जवळपास तेवढंच, पावणेपाच. पण प्रवाह सहा पटींहून जास्त. विहिरीवरचा पंप माडीवरच्या टाकीत पाणी चढवतो तेव्हा दाब लागतो. त्याच दाबाने पोफळीच्या बागेचे पाट भरायचे म्हटले तर पाण्याची धारही तेवढीच जाड हवी. दाब म्हणजे व्होल्टेज, धार म्हणजे प्रवाह. काही अ‍ॅम्प दाब देतात आणि धारेला कमी पडतात.

[दृश्य : आई चहा ठेवते, डब्याकडे बघते.]

“ह्या डब्यातसून गाणा येता?”

“नाय गे आये, गाणा लॅपटॉपातसून येता. ह्यो नुसतो जोर देता.”

त्याच्या उत्तरात बरंच काही आलं. आकड्यांचा आवाज करणारा डॅक वेगळा, त्या आवाजाला जोर देणारा अ‍ॅम्प वेगळा. दोन्ही एका डब्यात मिळतात, आणि घरी वापरायला तेच सोयीचं.

आता जी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, ती. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या विजेला त्याच्या आतच होणारा अडथळा. एचडी ६०० ला ३०० ओहमचा म्हणतात खरं, पण १०० हर्ट्झच्या आसपास त्याचा अडथळा ५०० च्या वर चढतो. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असेल तर या चढ-उताराने काही बिघडत नाही. पण काही व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, अ‍ॅम्पमध्ये तो १२० असतो. १९९६ च्या एका आंतरराष्ट्रीय मानकातही १२० चीच शिफारस होती. तेवढ्याने १०० हर्ट्झजवळचा आवाज साधारण १ डेसिबल फुगतो. मृदंगाच्या धुमेचा मुलूख तोच. ऐकायला गोड लागतं. पण मिसळणारा त्या गोडीला फसून मृदंग खाली ओढतो, आणि दुसऱ्याच्या स्पीकरवर तोच मृदंग मेल्यासारखा वाजतो. ठोकताळा असा : अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ च्या आत.

व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प दिसायला देखणे, हे मान्य. कामासाठी मी सुचवणार नाही.

[दृश्य : दिवे जातात. इन्व्हर्टरची शिटी. पंखा घुं घुं करत फिरतो.]

आणि हा कोकणातला भाग. मिरगापासून लाईट कधी जाईल, आली तर किती व्होल्टने येईल, याचा भरवसा नाही. घरातला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत साइन वेव्हऐवजी विजेची चौकोनी लाट देणारा, असेल तर ज्या अर्थी पंखा घुमतो त्या अर्थी अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मरही घुमणार, आणि ती घुरघुर कानात उतरू शकते. अशा घरात साइन वेव्हचा इन्व्हर्टर तरी घ्या, नाहीतर बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प. २०११ मध्ये एका इंजिनीअरने स्वतःचं नाव न सांगता ‘ओ-टू’ नावाच्या अ‍ॅम्पचं सगळं सर्किट, मोजमापांसकट, जाहीर केलं. पुढच्याच वर्षी तो जो गप्प झाला तो झालाच. पण त्याचा अ‍ॅम्प लोक अजून बनवतात. आउटपुट इम्पीडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास, आणि लाईट गेली तर ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालू. आमच्या मित्राने हाच स्वतः सोल्डर केला.

तयार घ्यायचा तर जेडीएस लॅब्जचा अ‍ॅटम, शीटचा मॅग्नी. दोन्ही अमेरिकेत ९९ डॉलरला बाजारात आले. मात्र त्यांचा अडॅप्टर एसी देणारा, साधारण १५-१६ व्होल्टचा. अमेरिकेहून कुणी पाहुण्याने आणला तर तो अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावलात तर गेलाच म्हणून समजा, आणि घरातला डीसी चार्जर त्याच्या जागी चालत नाही. मस्कत-दुबईहून आला तर व्होल्टेज जुळतं, फक्त पिन जाड.

[दृश्य : भिंतीलगत अर्थिंगचा खड्डा.]

कानात बारीक गुणगुण येत असेल तर अ‍ॅम्प परत पाठवायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष अ‍ॅम्पमध्ये नाही, बहुधा चार्जरच्या किंवा अर्थिंगच्या वाटेत आहे. आपल्या जांभ्या दगडात अर्थिंग मुळात कठीण. मे महिन्यात जमीन सुकली की आणखी बिघडतं. खड्ड्यात मीठ-कोळसा आणि वरून चार कळश्या पाणी, हा जुना उपाय हजारो रुपयांच्या ‘ऑडिओ’ केबलपेक्षा कामाचा.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर जॅक आणि आवाजाचा नॉब आधी धरतात. नॉब फिरवताना खर्र झालं की कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. वापर नसेल तेव्हा डबा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद ठेवायचा, आणि गडगडायला लागलं की पिन काढायची.

[दृश्य : ओ-टूवरचं गेनचं बटण. बोट ते कमीवर आणतं.]

गेन, म्हणजे अ‍ॅम्प आवाज किती पट वाढवतो ते, नेहमी कमीवर ठेवून सुरुवात करा. जास्त गेनवर नॉबचं पाव वळणही कानाला झोंबतं, आणि नाजूक इयरफोनमध्ये सूं सूं ऐकू येतं. दोन अ‍ॅम्प ताडून बघायचे तर आधी मीटर लावून दोघांचं व्होल्टेज एकसारखं करा; थोडा मोठा वाजणारा डबा दर वेळी चांगलाच वाटतो.

शेवटी कानाचं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. ८३ केलंत की २० तास. हा हेडफोन मागून उघडा, पाऊस थेट आत शिरतो आणि हात आपोआप नॉबकडे जातो. सर जोराची असली की आमचा मित्र मिसळणं थांबवतो आणि हेडफोन काढून फायलींना गावांची, कंपन्यांची नावं देत बसतो.