गाणं ऐकून आलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

मैफलीहून घरी आलेल्या माणसाला ‘कसं झालं गाणं?’ असं विचारलं, तर बहुतेकदा ‘छान झालं’ एवढंच उत्तर मिळतं. पण त्याच माणसाला निवांत बसवून विचारा, बसला होतात कुठे, राग कोणता होता, किती वाजले होते, शेजारी कोण होतं? मग अर्धा तास सहज जातो. आज मला बोलायचंय ते या सांगण्याबद्दल.

पुण्यात असं सांगणारी माणसं पेठेपेठेत भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यात सवाईचा उल्लेख हटकून येतो. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव सुरू केला. पुढे अनेक वर्षं तो शनिवार पेठेत, रमणबागेच्या मैदानावर रंगला आणि २०१८ पासून मुकुंदनगरला भरू लागला. ज्यांनी जुना सवाई ऐकलाय, त्यांच्या आठवणी सगळ्या रात्रीच्या आहेत. संध्याकाळी डबे घेऊन मांडवात शिरायचं, सतरंजी अंथरून जागा धरायची, मध्यरात्रीनंतर मालकंस, दरबारी हे राग ऐकायचे, उजाडता उजाडता ललत आणि मग सकाळी तोडी. शेवटच्या दिवशी खुद्द पंडितजी गायला बसायचे. त्यानंतर सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लागायची, आणि रात्रभर जागलेली माणसं ती संपेपर्यंत जागची हलायची नाहीत.

पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. एखाद्या दिवशी बारापर्यंत मुभा मिळते, तेवढीच. नियम योग्यच आहे. मांडवाशेजारच्या घरात कुणी आजारी असतं, कुणाला पहाटे कामावर जायचं असतं. पण त्यामुळे मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग मोठ्या मैफलींतून जवळजवळ हद्दपार झाले, हेही खरं. आज विशीत असलेल्या किती जणांनी ललत त्याच्या वेळेला, समोर बसून ऐकला असेल? म्हणून ज्यांनी तो ऐकलाय, त्यांनी सांगायलाच हवं. गाण्याचं ध्वनिमुद्रण मिळेल. पण चार वाजता मांडवात किती गारठा होता, डोळ्यांवर झोप असताना तो कोमल रिषभ, म्हणजे कोमल ‘रे’, लागला तेव्हा काय झालं, हे कुठल्याही फितीवर नाही. ते आहे फक्त ऐकणाऱ्यापाशी.

एक अनुभव माझाही सांगतो. सवाईतच, भारतीय बैठकीत माझ्या शेजारी एक काकू बसल्या होत्या. ओळखदेख काही नाही. विलंबित एकताल सुरू होता. बारा मात्रांचा हा ताल. पण किराणा घराण्याच्या गायकीतल्या संथ बढतीत, म्हणजे राग हळूहळू फुलवताना, त्याचं एक आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, जवळजवळ मिनिटभर चालतं. मी आलापीत इतका गुंगलो होतो, की आपण तालात नेमके कुठे आहोत याचं भानच नव्हतं. काकू मात्र मांडीवर अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होत्या. डोळे मिटलेले. दहावी मात्रा आली आणि त्यांचं बोट क्षणभर थबकलं. गायकाने मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलला, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली आणि काकूंची मान, माझी मान, पुढच्या रांगेतल्या सगळ्या माना एकदम हलल्या. पाठीमागून कुणाचं तरी ‘वा!’ उमटलं. काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि त्या प्रसन्न हसल्या. तेव्हापासून मीही पेरं मोजतो.

कानाला हेडफोन लावून एकट्याने ऐकताना हीच सम हुकत नाही, पण ती अशी येत नाही. हजारो माणसं मिनिटभर एकाच क्षणाची वाट बघतात आणि तो क्षण सगळ्यांना एकदम मिळतो. गायकालाही तो समोर दिसतो. मनापासून दाद आली की बुजुर्ग कलाकारसुद्धा तीच जागा पुन्हा, वेगळ्या वळणाने घेऊन दाखवतो. मैफलीत श्रोत्याचा वाटा असतो तो असा.

तंबोरे जुळवतानाचा वेळही मला फार मोलाचा वाटतो. काही जण तेवढ्यात कॉफी घ्यायला उठतात. त्यांना माझी विनंती आहे, एकदा बसून बघा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर पुढेमागे सरकवत जवारी साधली जाते, आणि नुसती तार वाजत होती तिथे एकाएकी स्वरांचं गुंजन भरून राहतं. डिसेंबरच्या गारठ्यात वाद्यांचा सूर हलतो; तबलजी पुन्हा पुन्हा हातोडी घेऊन गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या चामड्याच्या विणलेल्या कडेवर, ठोके देतो. त्या ठोक्यांतून हळूहळू षड्ज, म्हणजे ‘सा’, नेमका होत जातो. आपलेही कान तेवढ्यात त्या षड्जाला लागतात.

आणि वेळा बदलल्याने एक दालन नव्याने उघडलंय, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आता सवाईचं सत्र दुपारनंतर सुरू होतं. म्हणजे रात्रभराच्या मैफलीत ज्यांना जागाच नव्हती, ते दिवस कलतानाचे राग, मुलतानी, भीमपलास, पटदीप, आता आपल्या वेळेला ऐकायला मिळू शकतात. त्या वेळी मंचावर बहुधा तरुण कलाकार असतात, वर्षानुवर्षं रियाज करून प्रथमच एवढ्या मोठ्या मांडवात बसलेले. आणि समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, कारण मंडळी ‘मोठ्या’ गाण्याला सात वाजता येणार असतात.

यंदा जमलं तर कामातून अर्धा दिवस सुट्टी काढा. ऊन उतरायच्या आत मांडवात पोहोचा, पुढे जाऊन बसा, आणि समोरच्या तरुण गायकाने चांगली सम गाठली तर मोकळ्या मनाने दाद द्या. रात्री घरी गेल्यावर त्याचं नाव घरच्यांना सांगा. राग कोणता होता, तेही सांगा.

नमस्कार.