अकराचे आठ: कोकणातले मतदारसंघ गेले कुठे?

संगमेश्वर तालुक्यातला एक साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. पऱ्या (ओढा) भरला की पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेत जातात ती यावरूनच. कठडा मोडला की गाव आमदार निधी मागतं. पण संगमेश्वर नावाचा विधानसभा मतदारसंघच २००९ पासून नाही.

२००४ साली रत्नागिरी जिल्ह्यात सात आणि सिंधुदुर्गात चार मतदारसंघ होते. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या आणि अकराचे आठ झाले. खेड गेलं, संगमेश्वर गेलं. वेंगुर्ले, मालवण, देवगड पुसून कुडाळ आणि कणकवली आली. खेडचे रामदास कदम गुहागरला उभे राहिले आणि पडले. लोकसभेला तर बॅ. नाथ पै आणि मधू दंडवते यांचा राजापूर मतदारसंघच संपला.

मग या जागा गेल्या कुठे? त्याच वेळी अखंड ठाणे जिल्ह्यातल्या जागा तेराच्या चोवीस झाल्या. नालासोपारा-डोंबिवलीत कोण राहतं, हे कोकणी माणसाला सांगायला नको. चाकरमानी जिथे मोजला गेला तिथे आमदार वाढले.

आता पुढची फेरी. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने पुढची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबवली. त्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. शिमगा त्यानंतर तीन आठवड्यांनी. म्हणजे पालखीला येणारा मुलगा गावच्या आकड्यात नसणार!

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गचीही घटली. राज्यात मात्र एका मतदारसंघामागे सरासरी ३ लाख ९० हजार माणसं झाली. जागा २८८ च धरल्या, तर २०११ च्या आकड्यांवर दोन्ही जिल्ह्यांच्या वाट्याला आठऐवजी जेमतेम सहा येतात. आमदार निधी वर्षाला पाच कोटी, डोंगराळ तालुक्यालाही तेवढाच आणि शहरालाही तेवढाच. दोन आमदार कमी म्हणजे वर्षाला दहा कोटी कमी. साकव मात्र तेवढेच राहतात.

कोर्टात जावं? आयोगाचा आदेश राजपत्रात आला की तो कायदाच, आणि त्याला कोर्टात आव्हान देण्याच्या आड घटनेचं कलम ३२९ येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दार थोडं किलकिलं ठेवलं: आदेश उघड मनमानी असेल, तर तपासता येईल. पण एका वाडीची गैरसोय त्यात बसवणं कठीण.

तेव्हा बोलायचं ते आयोगाच्या मसुद्यावरच्या हरकतींच्या सुनावणीत. भूरचना, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी, असं २००२ च्या परिसीमन कायद्यात लिहिलेलंच आहे. नकाशावर दाभोळ आणि धोपावे ही गावं चिकटून दिसतात. मधे खाडी आहे, आणि फेरीबोट नसेल तर लांबचा वळसा. हे ग्रामपंचायतीच्या ठरावात लिहून, सोबत नकाशा जोडून वेळेत दिलं नाही, तर आयोगापुढे असतात ते फक्त आकडे.