साकळणं, गोठणं आणि तळाचा साका

मराठीत रक्तही गोठतं आणि पाणीही गोठतं. इथे दोन्हींची गाठ एकाच ट्यूबमध्ये पडणार आहे. म्हणून रक्ताची गुठळी होण्याला आपण ‘साकळणं’ म्हणू आणि थंडीने बर्फ होण्याला ‘गोठणं’.

ही निळ्या टोपणाची ट्यूब. आत सायट्रेट आहे. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त साकळत नाही. वेळ मात्र सरत असते. एपीटीटी, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो हे मोजणारी चाचणी, साधारण ४ तासांत व्हायला हवी. लॅब दुसऱ्या शहरात असेल, तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणारा पातळ भाग, वेगळा काढून, गोठवूनच पाठवावा लागतो.

त्यासाठी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून पेशी तळाशी बसवणाऱ्या यंत्रात, एकदा फिरवून भागत नाही. वरचा प्लाझ्मा काढायचा, पुन्हा फिरवायचा, तळाचा थोडा सोडून द्यायचा. प्लेटलेट्स दर मायक्रोलिटरमागे १०,००० च्या खाली आल्या पाहिजेत. राहिलेल्या प्लेटलेट्स गोठताना आणि वितळताना फुटतात, त्यांच्यातली फॉस्फोलिपिडं, म्हणजे पेशींच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ, बाहेर पडतात. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, म्हणजे गर्भपाताशी संबंध असलेली एक अँटिबॉडी, त्यांच्यातच गुंतून पडतं आणि चाचणीच्या हाती लागत नाही. ज्या बाईचे गर्भ पुन्हा पुन्हा पडताहेत, तिचा हा रिपोर्ट असू शकतो. त्यावर ‘नॉर्मल’ लिहून येतं.

मग उणे ७० अंशांचा डीप फ्रीझर. घरच्या फ्रीजसारखा आपोआप बर्फ झाडणारा नको. बर्फ झाडायला तो दर वेळी थोडी ऊब आणतो, आणि तेवढी ऊबही नमुन्याला बाधते.

खरी गंमत आणि खरा धोका वितळण्यात आहे. १९६४ साली स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की गोठलेला प्लाझ्मा थंडीतच सावकाश वितळू दिला तर तळाशी पांढुरका साका बसतो. फॅक्टर ८ (हिमोफिलियात बहुधा हाच कमी असतो), फॉन विलेब्रांड फॅक्टर, फायब्रिनोजेन ही रक्त साकळायला लागणारी प्रथिनं या साक्यात एकवटतात. यातूनच क्रायोप्रेसिपिटेट आलं. साध्या रक्तपेढीत तयार होणारं, हिमोफिलियाच्या मुलांचा रक्तस्राव थांबवणारं औषध.

आता तोच साका तपासणीच्या ट्यूबमध्ये बसला तर? वरवरचा प्लाझ्मा यंत्रात जातो, फॅक्टर ८ तळाशीच राहतो. रिपोर्टमध्ये तो कमी दिसतो, आणि धडधाकट मुलाच्या कपाळी हिमोफिलियाचा शिक्का बसू शकतो. म्हणून ट्यूब फ्रीजमध्ये किंवा टेबलावर ठेवून वितळवायची नाही. ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये काही मिनिटं ठेवायची, बर्फाचा शेवटचा खडा विरघळेपर्यंत. मग हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, आणि लगेच तपासणी.

दुसऱ्या शहरातून आलेला खोका उघडला आणि नमुना गोठलेला ठेवणारा ड्राय आइस संपलेला, प्लाझ्मा पातळ झालेला दिसला, तर तो पुन्हा गोठवायचा नाही. फोन करून नवं सॅम्पल मागायचं. तान्ह्या बाळाची शीर लवकर सापडत नाही, आईचा जीव वरखाली होतो. तरीही मागायचं.