१३ सामने मागे: सिॲटल मरिनर्स, १९९५

[दृश्य: किंगडोम स्टेडियम, बाहेरून. करडं काँक्रीटचं घुमटाकार छत, मागे सिॲटल शहर.]

२ ऑगस्ट १९९५. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक, अमेरिकन लीग. तिच्या पश्चिम विभागाच्या तक्त्यात कॅलिफोर्निया एंजल्स सगळ्यात वर आहेत. सिॲटल मरिनर्स त्यांच्या १३ सामने मागे. मोसम संपायला उरलेत जेमतेम दोन महिने.

हे 'सामने मागे' प्रकरण आधी समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट याच आकड्याभोवती फिरते. बेसबॉलच्या तक्त्यात गुण नसतात, फक्त विजय आणि पराभव. दोन संघांच्या विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची बेरीज करायची आणि तिला दोनाने भागायचं. समजा, एका संघाचे ५० विजय, ४० पराभव आहेत आणि दुसऱ्याचे ४५ विजय, ४५ पराभव. विजयांत ५चा फरक, पराभवांतही ५चा. बेरीज १०, भागिले दोन. दुसरा संघ ५ सामने मागे. तुम्ही जिंकलात आणि त्याच दिवशी समोरचा हरला, तर एका दिवसात एक सामना भरून निघतो. तुम्ही जिंकलात आणि तोही जिंकला, तर अंतर तसूभरही हलत नाही. म्हणून १३ सामने भरून काढायचे तर नुसतं स्वतः जिंकून भागत नाही, पुढच्याने हरावंही लागतं.

त्यात त्या वर्षी मोसमच आखूड होता. १२ ऑगस्ट १९९४ला खेळाडू संपावर गेले होते आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, रद्द झाली होती. ३१ मार्च १९९५ला न्यूयॉर्कमधल्या केंद्रीय न्यायालयाच्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी संघमालकांविरुद्ध मनाई हुकूम दिला आणि त्यानंतर संप मिटला. एप्रिलच्या शेवटी खेळ सुरू झाला तेव्हा नेहमीच्या १६२ ऐवजी १४४ सामनेच ठरवले गेले. म्हणजे पिछाडी भरून काढायला १८ सामने कमी.

[दृश्य: जुनी क्षणचित्रं. मधल्या मैदानात भिंतीवर आदळणारा खेळाडू.]

मरिनर्स मागे का पडले, याचं मोठं कारण २६ मे रोजी घडलं. बाल्टिमोरविरुद्धचा सामना, फलंदाज केव्हिन बास. चेंडू उजवीकडच्या मधल्या भागात खोलवर गेला. केन ग्रिफी ज्युनियर पूर्ण वेगात धावला, भिंतीवर चढत झेल घेतला आणि डावं मनगट मोडून बसला. चेंडू मात्र हातातून सुटला नाही. मनगटात धातूची पट्टी आणि सात स्क्रू बसवावे लागले. संघाचा सर्वोत्तम खेळाडू ७३ सामने बाहेर.

अशा वेळी संघ कोसळतात. हा संघ पुढे गेला नाही, पण बुडालाही नाही, आणि याचं श्रेय आमच्या मते सर्वांत आधी एडगर मार्टिनेझला जातं. एडगर डेझिग्नेटेड हिटर होता. अमेरिकन लीगमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, स्वतः बॅटिंग करत नाही, त्याच्या जागी फक्त बॅटिंगसाठी एक खेळाडू असतो. क्षेत्ररक्षण नाही, त्यामुळे अशा खेळाडूकडे चाहतेही थोडे दुर्लक्षच करतात. एडगरचे त्या मोसमातले आकडे पाहा: सरासरी (हिटचं प्रमाण) .३५६, लीगमध्ये पहिला नंबर. ५२ डबल, म्हणजे एका फटक्यात दुसऱ्या बेसपर्यंत (चार बेसचा फेरा पुरा केला की एक धाव). २९ होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. आणि बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .४७९. म्हणजे दर दोन वेळांपैकी जवळपास एकदा हा माणूस आउट न होता बेसवर उभा. संघ खेळला तो प्रत्येक सामना तो खेळला.

त्याच्या जोडीला जे ब्युनर होता, ४० होमरन मारणारा, आणि टिनो मार्टिनेझ, ३१ होमरनवाला. धावा होत होत्या. दुखणं पिचिंगचं होतं.

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारे साधारण पाच पिचर असतात आणि ते पाळीपाळीने उतरतात. आज शंभरेक चेंडू टाकणारा पिचर मध्ये चार दिवस विश्रांती घेऊन पाचव्या दिवशी पुन्हा उभा राहतो. त्यामुळे एकच महान पिचर असला, तर तुम्ही पाचातला एक सामना जवळपास खिशात घालता, पण उरलेल्या चारांचं काय? सिॲटलकडे तो एक होता. रँडी जॉन्सन, ६ फूट १० इंच, डावखुरा. त्या वर्षी १८ विजय, २ पराभव, २९४ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर. त्याने सुरू केलेल्या ३० सामन्यांपैकी २७ संघाने जिंकले. बाकीच्या दिवशी गाडी अडायची. शिवाय शेवटच्या, म्हणजे नवव्या इनिंगमध्ये आघाडी राखणारा भरवशाचा पिचर नव्हता. आठव्या इनिंगपर्यंत जिंकलेला सामना नवव्यात हातचा जायचा.

[दृश्य: ३१ जुलै १९९५, वर्तमानपत्राचं पान.]

जुलैच्या शेवटी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. मागे पडलेले संघ या काळात महागडे खेळाडू विकून टाकतात आणि पुढच्या वर्षाच्या तयारीला लागतात. मरिनर्सनी उलटं केलं. ३१ जुलैला सॅन डिएगोकडून अँडी बेनेस हा पिचर घेतला आणि बदल्यात मार्क न्यूफील्ड आणि रॉन व्हिलोन हे दोन तरुण, पहिल्या फेरीत निवडलेले खेळाडू देऊन टाकले. जुलैमध्येच नॉर्म चार्ल्टनला करारबद्ध केलं होतं, ज्याला फिलाडेल्फियाने नुकतंच सोडून दिलं होतं. ऑगस्टच्या मध्यावर कॅन्सस सिटीकडून व्हिन्स कोलमन आला, बेस चोरण्यात, म्हणजे फटका नसताना धावून पुढचा बेस गाठण्यात पटाईत.

या तिघांत सगळ्यात लाखमोलाचा ठरला चार्ल्टन. नवव्या इनिंगची चिंता त्याने मिटवली. सिॲटलसाठी १४ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने) आणि नऊ इनिंगमागे दीड धाव. बेनेसची गोष्ट वेगळी आहे. त्याने नऊ इनिंगमागे जवळजवळ सहा धावा दिल्या, हा चांगला आकडा नाही. तरी त्याची नोंद ७ विजय, २ पराभव. कारण तो पिचिंग करायचा त्या दिवशी बॅटर धावांचा पाऊस पाडायचे. पिचरचे विजय-पराभव पाहून त्याची गुणवत्ता ठरवू नये, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

आता अंतराच्या दुसऱ्या टोकाकडे पाहू. ३ ऑगस्टला एंजल्सचा शॉर्टस्टॉप गॅरी डिसार्सिना याच्या अंगठ्याचं अस्थिबंध फाटलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा मैदानातली सगळ्यात कामाची, कारण उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे जमिनीवरचे बरेचसे चेंडू तिथेच येतात. डिसार्सिना गेला आणि आतल्या क्षेत्ररक्षणाची घडी विस्कटली. लगेच परिणाम दिसला असं नाही. १५ ऑगस्टला एंजल्स ६४-३८ असे दणक्यात होते. पण उरलेल्या ४२ सामन्यांत त्यांनी फक्त १४ जिंकले. सलग नऊ पराभव एकदा झाले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा झाले. सगळा दोष एका अंगठ्यावर टाकणं बरोबर नाही. पिचिंगही थकलं होतं, बॅटही थंडावल्या होत्या.

त्याच १५ ऑगस्टला ग्रिफी मैदानात परतला.

२४ ऑगस्टला घरच्या मैदानावर, किंगडोममध्ये, न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध नववी इनिंग, समोर जॉन वेटलँड, लीगमधला अव्वल क्लोजर, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखणारा पिचर. ग्रिफीने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला आणि सामना ९-७ने जिंकला. (सिॲटलच्या शेजारी, रेडमंडमध्ये त्याच दिवशी विंडोज ९५ बाजारात आलं. आज या परिसरात सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. शहराचं नशीब पालटत होतं ते हेच वर्ष.)

[दृश्य: किंगडोमच्या गच्च भरलेल्या गॅलऱ्या. हाताने रंगवलेले फलक.]

सप्टेंबरमध्ये प्रश्न फक्त तक्त्याचा राहिला नव्हता. १९७७मध्ये स्थापन झालेला हा संघ तोवर एकदाही बाद फेरीत पोहोचला नव्हता. किंगडोमच्या छताच्या फरशा जुलै १९९४मध्ये खाली कोसळल्या होत्या आणि त्या मोसमाचे उरलेले सामने संघाला गावोगाव फिरून खेळावे लागले होते. मालकांचं म्हणणं होतं, नवं स्टेडियम द्या, नाहीतर संघ विकायला काढतो. १९ सप्टेंबरला किंग काउंटीत मतदान झालं: स्टेडियमसाठी विक्रीकर ०.१ टक्क्याने वाढवायचा का? त्याच संध्याकाळी मैदानात टेक्सासविरुद्ध मरिनर्स नवव्या इनिंगमध्ये दोन धावांनी मागे होते. बदली बॅटर डग स्ट्रेंजने दोन धावांचा होमरन मारून बरोबरी साधली आणि ११व्या इनिंगमध्ये ग्रिफीने विजयी फटका मारला. मतमोजणी पूर्ण झाली तेव्हा करवाढ मात्र अगदी थोड्या मतांनी पडली.

तरी गॅलऱ्या भरतच राहिल्या. २२ सप्टेंबरला मरिनर्स एकट्याने पहिल्या स्थानावर आले. दोन दिवसांनी टिनो मार्टिनेझने ओकलंडच्या डेनिस एकर्स्लीला नवव्या इनिंगमध्ये होमरन मारून आणखी एक सामना खेचून आणला.

मोसमाचे दोन दिवस उरले तेव्हा सिॲटल दोन सामन्यांनी पुढे होतं. एक विजय पुरेसा होता. टेक्सासमध्ये ते दोन्ही सामने हरले. एंजल्सनी आपले शेवटचे पाच सामने सलग जिंकले. १४४ सामन्यांनंतर दोघेही ७८-६६.

त्या वर्षी पहिल्यांदाच वाइल्ड कार्ड लागू झालं होतं, म्हणजे विभाग न जिंकलेल्यांतल्या सर्वोत्तम संघाला बाद फेरीत जागा. पण यांकीज ७९-६५वर होते. त्यामुळे या दोघांत जो हरेल त्याला वाइल्ड कार्डचाही आधार नव्हता. एकच जादा सामना, हरणारा थेट घरी. तो कुठे खेळायचा हे नाणेफेकीवर आधीच ठरलं होतं आणि कौल सिॲटलच्या बाजूने लागला होता.

२ ऑक्टोबर, सोमवार. किंगडोममध्ये ५२,३५६ प्रेक्षक. जॉन्सनने २८ सप्टेंबरलाच टेक्सासमध्ये पिचिंग केलं होतं. म्हणजे मध्ये चार नव्हे, तीनच दिवसांची विश्रांती. शेवटच्या दोन पराभवांच्या वेळी व्यवस्थापक लू पिनिएला यांनी त्याला हात लावला नव्हता, आणि म्हणूनच तो आज उपलब्ध होता. समोर एंजल्सकडून मार्क लँगस्टन. १९८९मध्ये सिॲटलने याच लँगस्टनला मॉन्ट्रियलला देऊन जे तीन पिचर घेतले, त्यांतला एक होता रँडी जॉन्सन.

पहिले १७ बॅटर आले आणि गेले. कोणीही बेसवर पोहोचला नाही. सहाव्या इनिंगमध्ये दोन आउट झाल्यावर रेक्स हडलरने पहिला हिट मारला. पण सिॲटलचीही धाव एकच होती, पाचव्या इनिंगमधली, कोलमनच्या फटक्यावर आलेली. १-० ही आघाडी म्हणजे एका चुकीची मुभा नाही.

[दृश्य: सातवी इनिंग. इथे चित्र सावकाश.]

सातव्या इनिंगचा खालचा भाग, म्हणजे सिॲटलची बॅटिंग. माइक ब्लोअर्स हिट मारून पहिल्या बेसवर. पुढे टिनो मार्टिनेझ, मोसमात ३१ होमरन मारलेला माणूस. त्याने बॅट आडवी धरून चेंडू हळूच पुढ्यात सोडला. बंट. आणि धावून बेसही गाठला. डॅन विल्सननेही बंट केला, स्वतः आउट झाला, पण दोघांना एकेक बेस पुढे सरकवलं. जोई कोराला चेंडू लागला, बेस भरले. कोलमनचा सरळ फटका थेट उजव्या क्षेत्ररक्षकाच्या हातात. दोन आउट.

लुईस सोहोची पाळी. बॅट तुटली, चेंडू पहिल्या बेसजवळ जे. टी. स्नोला चुकवून रेषेलगत पळाला. किंगडोममध्ये राखीव पिचरांचं बाकडं मैदानातच, रेषेबाहेर असायचं. चेंडू त्या बाकड्याखाली शिरला. ब्लोअर्स घरी, म्हणजे होम प्लेटवर, एक धाव. टिनो घरी, कोरा घरी. परत आलेला चेंडू लँगस्टनने मध्ये पकडला आणि होम प्लेटकडे फेकला, तो कॅचरच्या पलीकडे गेला. सोहोही घरी. एका तुटक्या बॅटच्या फटक्यावर चार धावा. लँगस्टन प्लेटजवळ पाठीवर पडून छताकडे बघत राहिला.

आठव्यात आणखी चार. नवव्यात टोनी फिलिप्सने एक होमरन मारला, एवढंच. शेवटचा बॅटर टिम सॅमन तिसरा स्ट्राइक नुसता पाहत उभा राहिला. ९-१. जॉन्सन पूर्ण नऊ इनिंग, तीन हिट, १२ स्ट्राइकआउट. हा सामना साखळीतच धरला जातो, म्हणून मरिनर्सची अंतिम नोंद ७९-६६.

या विजयाची किंमत लगेच मोजावी लागली. जॉन्सन सोमवारी वापरला गेल्याने न्यूयॉर्कमधल्या यांकीजविरुद्धच्या पहिल्या दोन सामन्यांत तो नव्हता आणि सिॲटल दोन्ही हरलं. पाच सामन्यांच्या मालिकेत ०-२. शुक्रवारी घरच्या मैदानावर जॉन्सन परतला आणि पहिला विजय आला. शनिवारी एडगरने सात धावा घडवल्या. रविवारी, ८ ऑक्टोबरला, एका दिवसाच्या विश्रांतीवर जॉन्सन नवव्या इनिंगमध्ये आत आला, दोघे बेसवर असताना, एकही आउट नसताना. एकही धाव दिली नाही. ११व्यात मात्र यांकीजनी एक धाव काढून ५-४ केलं. उत्तरात कोराचा बंट, ग्रिफीचा हिट आणि मग एडगरचा डाव्या बाजूला खोलवर गेलेला डबल. कोरा आला, आणि पहिल्या बेसवरून निघालेला ग्रिफी तिसऱ्याला वळसा घालून घसरत प्लेटवर पोहोचला. ६-५.

पुढची फेरी क्लीव्हलँडविरुद्ध, ज्यांनी १४४पैकी १०० सामने जिंकले होते. सिॲटल ती २-४ने हरलं. सहाव्या सामन्यात जॉन्सनच पिचिंगला होता, आणि तोवर खांदा थकलेला होता. सामना ४-०ने गेला, तरी प्रेक्षक उठले नाहीत, संघ पुन्हा बाहेर येईपर्यंत टाळ्या वाजवत राहिले.

त्याच ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने विशेष अधिवेशनात नव्या स्टेडियमच्या निधीला मंजुरी दिली. १५ जुलै १९९९ला तिथे पहिला सामना झाला, आणि मरिनर्स आजही त्याच मैदानावर खेळतात.