बियाणेवाल्याला कार्यकारिणीत जागा कशासाठी?

(राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कापूस वेचायला माणूस मिळत नाही अशा दिवसांत तुम्ही वावर सोडून आलात, याचं मला फार मोल वाटतं. पत्रिकेवर विषय आहे, ‘ग्राहक संघटनेच्या कार्यकारिणीत उद्योगाचे प्रतिनिधी असावेत का?’ माझं उत्तर आहे, नसावेत. कारणं सांगतो, पण आधी २०२० चा खरीप आठवा.

त्या वर्षी सोयाबीन उगवलंच नाही. पाऊस होता, वाफसा होता, तरी पेरलेल्या ओळी रिकाम्या. राज्यभरातून इतक्या तक्रारी आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा मी ज्या संघटनेत होतो, तिच्या कार्यकारिणीत एक बियाणे वितरक होते. माणूस चांगला. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिलेला. बैठकीला जागाही त्यांचीच असायची.

एक कास्तकार रिकामी थैली घेऊन आला. थैलीला टॅग शाबूत, त्यावर लॉट नंबर, म्हणजे बियाणं कोणत्या खेपेतलं ते सांगणारा आकडा, खिशात पक्कं बिल, रुमालात मूठभर दाणे. एवढी चोख तक्रार क्वचित येते. तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्यायचं पत्र आम्ही लिहिलं आणि ते बैठकीपुढे आलं. वितरक म्हणाले, “भाऊ, कंपनीचं नाव आत्ताच कायले लिहिता? मी बोलतो ना त्यायच्याशी.” नाव गेलं, नावासोबत लॉट नंबरही गेला. कंपनीचा माणूस आज येईल, उद्या येईल, यात आठवडा उलटला. इकडे पेरणीचे दिवस चालले होते. कास्तकारानं वावर मोडलं आणि दुबार पेरणी केली. त्यानंतर तक्रार निवारण समिती धुऱ्यावर आली, तर समोर दुसऱ्या बियाण्याचे हिरवे कोंब! पंचनामा कशाचा करणार?

वितरकानं लाच घेतली नाही, खोटंही बोलला नाही. त्याला कंपनीही सांभाळायची होती, एवढंच. पण कास्तकाराचा हंगाम गेला, आणि तो आमच्या टेबलावर गेला. याचा राग मला आजही आहे.

यंदाच्या बियाण्याचं बिल ज्यांच्याकडे आहे त्यांनी हात वर करा बरं. एवढेच? लग्नातल्या आहेराची वही वीस वर्षं जपता, अन् बियाण्याचं बिल पोळ्यापर्यंत टिकत नाही! बिल, थैली, टॅग आणि मूठभर दाणे पीक घरी येईपर्यंत ठेवा. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट केलं. तपासणीसाठी बियाणं राखून ठेवलं नाही म्हणून तक्रार फेटाळता येत नाही, असंही म्हटलं. तरीपण ठेवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, एसटीची वेळ झालीय. मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

उद्योगाचं ऐकू नये, असं मी म्हणत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ पाहा. त्यातल्या वैज्ञानिक पॅनेलवर स्वतंत्र तज्ज्ञच हवेत. उद्योगाला आणि ग्राहकांना चर्चेला बोलावता येतं. तरी पॅनेलवर उद्योगाची माणसं बसलीच, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पॅनेल नव्यानं नेमायला सांगावं लागलं. आता त्याच कायद्यानं नेमलेलं अन्न सुरक्षा प्राधिकरण घ्या. तिथं उद्योगाचे दोन प्रतिनिधी आणि ग्राहक संघटनांचे दोन. म्हणजे उद्योगाला सरकारदरबारी हक्काची जागा आहे. आपल्या दोन जागांवरही त्यांचाच माणूस शिरला, तर आपल्या बाजूनं कोण बोलणार?

बियाण्यातलं तज्ज्ञ ज्ञान लागतं, हे खरं. त्यासाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना विचारू. राहिला पैसा. अमेरिकेत १९३६ पासून चालणारी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था वस्तू दुकानातून विकत आणून तपासते, जाहिराती घेत नाही. आपण वर्गणी वाढवू आणि शाळेच्या खोलीत सतरंजी टाकून बैठक घेऊ.

ठराव अध्यक्षांकडे दिला आहे. बियाणं, खत, औषध विकणारा, किंवा त्यावर कमिशन घेणारा, कार्यकारिणीत नको. त्याच्या घरचाही नको. तक्रार असेल तेव्हा त्याला बोलवा, त्याचं म्हणणं लिहून घ्या, आणि पत्र ठरवताना त्याला बाहेर बसवा. संघटनेच्या घटनेतल्या या दुरुस्तीचं मतदान आजच घ्या, म्हणजे मृगाच्या आधी नवी कार्यकारिणी कामाला लागेल.