दलाली शून्य, तरी कमाई कशी?

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे ब्रोकरविषयी, म्हणजेच दलालाविषयी. दलाल हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, ते मला मुळीच पटत नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांचा सौदा जुळवून तो तडीस नेणं, हे काम आहे आणि त्याचा मोबदला म्हणजे दलाली. तुम्ही घेतलं तरी दलाली, विकलं तरी दलाली.

एक हकीकत सांगतो. साल 1792, तारीख 17 मे, न्यूयॉर्कची वॉल स्ट्रीट. दोन महिन्यांपूर्वीच बाजार कोसळलेला. एक बडा सट्टेबाज कर्जापायी तुरुंगात गेलेला. लोकांचा विश्वास उडालेला. अशा वेळी 24 दलालांनी एका कागदावर सह्या केल्या. करार एवढासा, एका दमात वाचून व्हावा. वचनं दोनच. पहिलं, कुणासाठीही सौदा केला तरी पाव टक्क्याहून कमी दलाली घ्यायची नाही. दुसरं, सौद्यात आधी आपल्यातल्याच माणसाला प्राधान्य द्यायचं. हे दलाल तिथल्या बटनवुडच्या झाडाखाली जमत असं सांगतात, म्हणून हा बटनवुड करार. न्यूयॉर्क शेअर बाजाराचं मूळ या कागदात आहे. आणि लक्षात घ्या, गिऱ्हाइकाला नफा झाला पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. भाव चढो, भाव पडो, हजारामागे अडीच ठरलेले! पुढे दर बदलले, पण दलाली सगळ्यांनी मिळून ठरवायची ही रीत तिथे थेट 1 मे 1975 पर्यंत टिकली. 183 वर्षं!

मग चढाओढ लागली, दलाली उतरत गेली. 2019 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या ब्रोकरांनी शेअरच्या ऑनलाइन सौद्यांवर ती शून्य केली. शून्य. मग कमाई कुठली? तुमच्या खात्यात पडून राहिलेल्या पैशांवरचं व्याज. तुम्हाला मार्जिन म्हणून उसने दिलेल्या पैशांवरचं व्याज. उसन्या पैशांवर शेअर घेऊच नयेत, हे मी कुणालाही सांगेन. आणि तिसरी वाट भावातल्या फरकाची. घेणाऱ्याला 101 ला, विकणाऱ्याकडून 100 ला. मधला 1 मधल्याचा. हा मधला बहुधा एखादी मोठी व्यापारी कंपनी असते, आणि तुमची ऑर्डर आपल्याकडे वळवल्याबद्दल ती ब्रोकरला पैसे देते. ब्रिटनमध्ये याला मनाई आहे. अमेरिकेत चालतं, पण ब्रोकरला ते जाहीर करावं लागतं.